वन्सं कापताना वाचत नसत

आमच्या वन्संना कुठलंही अक्षर लाकडातून कापता यायचं, पण कापताना त्या ते वाचत नसत. निरक्षर नव्हत्या हो. रोजचं वर्तमानपत्र पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचायच्या आणि सापडलेल्या चुकांना लाल पेनाने गोल करून ठेवायच्या. मी वाणसामानाची यादी लिहिली तरी तिच्यात दोन-तीन लाल गोल पडायचे. पण एकदा का त्या मशीनवर बसल्या, की समोर काय लिहिलंय याच्याशी त्यांचं देणंघेणं संपायचं. तिथे फक्त रेघ असायची आणि रेघेवरून जाणारं पातं.

ही सवय नोकरीतली. वन्संनी एकोणतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत ट्रेसर म्हणून काढली. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि नद्या, रस्ते, हद्दी, गावांची नावं, जसं असेल तसं शाईने उतरवायचं. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, "बाई, वाचू नका. वाचणारा माणूस पुढचं अक्षर मनानेच ठरवतो आणि हात तिकडे जातो. रेघ बघा." वन्संनी ते असं मनावर घेतलं की गावांच्या हजारो नावांपैकी त्यांना एकही आठवत नसे. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले, ट्रेसरांची गरज संपली, आणि वन्संना मुदतीआधी घरी बसवलं. निरोपाला मिळालेलं घड्याळ त्यांनी माझ्या हवाली केलं आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन स्क्रोल सॉ घेऊन आल्या.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नसेल त्यांनी शिलाई मशीन डोळ्यांपुढे आणावं. सुईच्या जागी केसासारखं बारीक करवतीचं पातं, ते जागच्या जागी वरखाली नाचतं, आणि आपण कापडासारखी फळी फिरवायची. पातं हलत नाही, लाकूड वळतं. त्यामुळे कापणाऱ्याच्या समोर अक्षर कधी आडवं, कधी उलटं, कधी तिरकं येत राहतं. अक्षरांचा कागद फळीवर चिकटवला की वन्सं आधी अक्षरांच्या पोटातली भोकं काढायच्या. व, च, ब असली पोटं असलेली अक्षरं आली की बारीक ड्रिल मारायचं, पात्याचं वरचं टोक सोडवायचं, भोकातून ओवायचं, पुन्हा ताणून बसवायचं. आतलं सगळं झालं की मग बाहेरची कड. एकेक शब्द शिरोरेघेला लटकलेला असा अखंड सुटून यायचा. टिंब मात्र कशालाच धरून नसतं, म्हणून त्याला दोऱ्याएवढा देठ ठेवायच्या. "टिंबाला आधार लागतो," म्हणायच्या. सगळे शब्द कापून झाले की वरचा कागद सोलायचा, कडा घासायच्या, आणि शेवटी शब्द ओळीने गडद फळीवर मांडायचे, चिकटवायचे आणि तेल लावायचं. मांडायला मात्र वाचावंच लागतं. पाटीवर काय लिहिलंय हे वन्संना कळायचं ते तेव्हा.

घरात याची भरपूर चेष्टा व्हायची. आमच्या ह्यांनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाने, तर एकदा कहरच केला. कुणा गिऱ्हाइकाची पाटी म्हणून कागदावर सहा शब्द मोठ्या अक्षरांत छापून आणले आणि दिले. वन्सं दोन दिवस कापत होत्या. तिसऱ्या दिवशी कागद सोलून शब्द मांडायला घेतले, आणि हे दारात तोंडात रुमाल कोंबून उभे. पाटी तयार झाली ती अशी: "ही पाटी कापणारी बाई वेडी आहे." वन्सं हसल्या, खुर्चीवरून घसरेपर्यंत हसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्या, 'वेडी' काय सुंदर आलंय बघ." ती पाटी त्यांनी मशीनच्या वर भिंतीवर लावली. गिऱ्हाइकं आली की आधी तीच वाचायची आणि मग दबकत दबकत आत यायची.

गिऱ्हाइकं बरीच होती. सुरुवातीला शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या, मग किल्ल्या अडकवायची फळी, लहान मुलांसाठी प्राण्यांची कोडी. पुढे गावातल्या दुकानांच्या पाट्या यायला लागल्या. शिंपी, चष्मेवाला, गाण्याची शिकवणी. रस्त्याने जाताना मी ह्यांना कोपर मारून दाखवायची, "ती बघा, वन्संची." अभिमान वाटायचा मला, खोटं कशाला बोलू.

हे सगळं चालायचं आमच्या घराच्या मागच्या खोलीत. पूर्वी तिथे अडगळ होती. तिला बाजूच्या गल्लीतून वेगळा दरवाजा. सासरे गेले तेव्हा ह्यांना दुकानासाठी कर्ज हवं होतं, आणि घर एकाच्या नावावर असल्याशिवाय ते मिळेना. वन्संनी एका शब्दाने न विचारता सही करून आपला वाटा भावाला दिला. नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर, माझ्यादेखत, हे म्हणाले, "ताई, मागची खोली तुझी. तुझे हात चालतायत तोवर तिला कुणी हात लावणार नाही." मी आपली शहाणी, म्हटलं, इथवर आलोच आहोत तर तेवढं लिहून घेऊ या का? तर वन्सं माझ्यावरच डाफरल्या, "सख्ख्या भावाशी कसला गं कागद?"

त्या खोलीचा दरवाजा आम्ही दोघींनी रंगवला. रंगाच्या दुकानात वन्संनी मला तासभर उभं केलं होतं. मला तपकिरी हवा होता, धूळ दिसत नाही. त्यांना हिरवा. आणि हिरवा तरी कुठला? कच्च्या कैरीच्या सालीचा. दुकानदाराने तीनदा मिसळला आणि तीनदा वन्संनी मान हलवली. शेवटी जमला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कुणालाही सांगता येईल, हिरव्या दारातून या." खरंच, अख्ख्या गल्लीत तेवढं एकच दार हिरवं. बाकी सगळी माझ्यासारखी, धूळ न दिसणारी.

आता पुढचं सांगायला जीभ जड होते, पण सांगायला बसले आहे तर सांगते.

ह्यांचं दुकान बसलं. हळूहळू बसलं, दोन वर्षं लागली. आम्हाला अडचण होती हे खोटं नाही. एका संध्याकाळी जेवताना हे ताटाकडे बघत म्हणाले, "मागची खोली दिली मी. दातांचे डॉक्टर घेतायत, दवाखान्याला. बयाणा झालाय." वन्सं तेव्हा कुणाकडे तरी पाटी पोचवायला गेल्या होत्या. मी विचारलं, "त्यांना सांगितलंत?" तर म्हणे, "सांगतो. तू मध्ये बोलू नकोस. मी माझ्या पद्धतीने सांगतो."

एरवी मी मध्ये बोलल्याशिवाय राहणारी बाई नाही, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. भाजीवाल्याचं माप चुकलं तरी माझा आवाज कोपऱ्यावर ऐकू जातो. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले. का, ते मला पक्कं माहीत आहे. मला त्या भुशाचा कंटाळा आला होता. रोज जिन्यावर भुसा, वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा, दुपारी जरा पाठ टेकावी तर खालून ती घुर्रघुर्र. मनात आलं, बरंच झालं, एकदाचं. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे एक कागद घेऊन खाली गेले. मला वाटलं, सांगायला गेले. पाच मिनिटांत शीळ घालत वर आले. मी म्हटलं, "काय म्हणाल्या?"

"कशाबद्दल? पाटीची ऑर्डर दिली तिला. डॉक्टरांची."

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा हातातली वाटी मी ओट्यावर आपटली. "अहो, त्यांच्याच खोलीची पाटी त्यांच्याकडूनच? लाज नाही वाटली?"

"डॉक्टरांनीच आग्रह धरला. चष्मेवाल्याची पाटी त्यांना फार आवडली. नाही म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं त्यांनी. आणि ती कुठे वाचते?" हे म्हणाले. "ती रेघ बघते. मांडेपर्यंत दोन दिवस आहेत. तोवर सांगतो मी."

दुपारी मी चहा घेऊन खाली गेले. सांगायलाच गेले होते, देवाशपथ. हिरवं दार उघडंच होतं. वन्सं मशीनवर वाकलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, दोन्ही हातांची बोटं फळीवर पसरलेली. शब्द त्यांच्या बाजूने उलटा होता आणि माझ्या बाजूने सुलटा. "हिरवा." ह ची खालची शेपटी वळवत होत्या. त्या शेपटीशी पातं हमखास तुटतं, म्हणून श्वाससुद्धा रोखून धरलेला. मी उभी राहिले. शेपटी पुरी झाली, त्यांनी पायाने मशीन थांबवलं आणि वर पाहिलं.

"काय गं? काही म्हणायचंय का?"

मशीन बंद होतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा गार होईल."

"तू म्हणजे ना," वन्सं हसल्या. "ठेव तिथे. हा शब्द झाला की घेते." आणि त्यांनी पुन्हा मशीन चालू केलं. मी जिना चढून वर आले आणि स्वतःला समजावलं, की हात हलला असता, पातं तुटलं असतं, बोटाला लागलं असतं.

दोन दिवस गेले. हे काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर खालून वन्संची हाक आली, "दोघंही जरा खाली या." आवाज नेहमीचाच होता.

टेबलावर गडद फळी. तिच्यावर शब्द मांडलेले, अजून चिकटवलेले नव्हते. पहिल्या ओळीत "दातांचा दवाखाना", खाली "बाजूच्या गल्लीतून", त्याखाली "हिरवा दरवाजा". बाजूला एक बाण, सुटा. 'दातांचा'वरच्या टिंबाला बारीकसा देठ, डोळे फाडून बघितलं तरच दिसेल असा. वन्संनी बाण उचलला आणि भावाला विचारलं, "ही लागणार कुठे?"

"पुढे. फाटकापाशी," हे म्हणाले.

"मग बाण कुठल्या बाजूला करू?"

ह्यांचा हात आपोआप वर झाला. फाटकापासून गल्ली, गल्लीतून दार असं हवेत फिरत आला आणि थांबला तो वन्संच्या अंगावर. त्यांच्या मागे मशीन, मशीनच्या वर ती पाटी. ह्यांनी हात खाली घेतला.

"सांगणारच होतो, ताई."

"कधी? तेल लावून झाल्यावर?"

"अगं, राहायला वर खोली आहेच की तुझी. ती कुठे कोण मागतंय? हा काय, छंदच तर आहे. एखाद्या कोपऱ्यात, गच्चीवर कुठे तरी..."

"छंद," वन्सं म्हणाल्या. एवढाच एक शब्द. मग बाणाची कड अंगठ्याने चाचपली. "खोली दिलीस ते मी समजू शकते रे. अडचण होती, माझ्याकडे यायचंस, मीच म्हटलं असतं, दे. सही मागितलीस तेव्हा विचारलं होतं का मी काही? पण हा कागद तू माझ्या हातात दिलास. मी वाचणार नाही हे तुला माहीत होतं. त्याच्यावर विसंबून दिलास."

ह्यांनी टेबलावरचा भुसा बोटाने गोळा करायला घेतला.

"त्या वेळी चेष्टा केलीस तेव्हा दारात उभा तरी होतास," वन्सं म्हणाल्या. "या वेळी तेवढंही जमलं नाही तुला."

मला वाटलं, आता पाटी आपटतील, मोडतील. मी असते तर ह्यांच्या टाळक्यात घातली असती. वन्संनी आम्हाला वर पाठवलं आणि शब्द चिकटवायला बसल्या. ऑर्डर घेतली होती ना. संध्याकाळी जवसाच्या तेलाचा वास वरपर्यंत आला. दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरांकडे जाऊन पाटी देऊन आल्या. डॉक्टर बिचारे भले माणूस, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते म्हणे सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवत होते.

आठवड्याभरात वन्संनी लाकडाच्या वखारीमागची एक खोली बघितली. वखारवाला जुना ओळखीचा, त्यांना फळ्या तोच द्यायचा. राहणं तिथेच, काम तिथेच. हे दोनदा विनवायला गेले, दोन्ही वेळा वन्संनी शांतपणे चहा पाजून परत पाठवलं. शिव्या दिल्या असत्या तर ह्यांना बरं वाटलं असतं. जायच्या आधी तीन दिवस त्या दारापाशी स्टूल टाकून बसल्या आणि पत्र्याच्या पट्टीने दाराचा रंग खरवडायला लागल्या. वरपासून खालपर्यंत. मग पॉलिश पेपर. गल्लीतली माणसं बघत जायची. ह्यांनी विचारलं, "आता हे कशाला, ताई?"

"दार तुझं," वन्सं म्हणाल्या. "रंग माझा होता."

हिरवा भुगा पायरीवर साचला तो त्यांनीच झाडून भरला.

टेम्पो आला त्या सकाळी हे घरात थांबलेच नाहीत, काम काढून बाहेर गेले. हमालाने मशीन उचललं, टेबल उचललं, फळ्या नेल्या. मी मदतीला म्हणून उभी, हातात काहीच नाही. वन्संनी रिकाम्या खोलीवरून एकदा नजर फिरवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस त्यांनी मला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. भावाशी भांडल्या, माझ्याशी नाही. माझ्या मनाने तेवढ्यात सोय करून घेतली होती, की यांच्या हिशेबी मी यात नाहीच.

"तू चहा घेऊन आली होतीस," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी. मी कुठल्या शब्दावर होते गं तेव्हा?"

इतक्या सहज विचारलं, की मीही सहज बोलून गेले. "हिरवावर. ह ची शेपटी करत होतात."

वन्संनी मान हलवली. रंगवाल्याच्या दुकानात हलवली होती तशी, नाही म्हणून. "म्हणजे तू वाचत होतीस," त्या म्हणाल्या, आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.

मी पायरीवर उभी राहून रडले. माफी मागायला तोंड उघडेपर्यंत टेम्पो वळलासुद्धा. नंतर दोनदा वखारीपर्यंत गेले. आतून मशीनचा आवाज येत होता. कामात आहेत म्हटलं, आणि परत आले. तिसऱ्यांदा गेलेच नाही.

खोलीतलं सगळं त्यांनी नेलं होतं, भिंतीतले खिळेसुद्धा उपटून. फक्त ती एक पाटी ठेवून गेल्या, "ही पाटी कापणारी बाई वेडी आहे". वर आमच्या जेवणाच्या टेबलावर, ह्यांच्या ताटाच्या जागी. ह्यांनी ती कपाटावर नेऊन पालथी ठेवली. तिच्यावर धूळ बसली आहे, पुसायचा धीर मला होत नाही आणि ह्यांना तर नाहीच.

दवाखाना छान चालतो. फाटकापाशी पाटी आहे, तेलाने अजून झळकते, लोक थांबून बघतात. डॉक्टरांनी दार तसंच ठेवलं, नुसतं लाकूड, त्यांना ते आवडतं म्हणे. त्यामुळे दातदुखीने गाल धरलेली माणसं गल्लीत जातात, दारं बघत बघत टोकापर्यंत जातात, परत येतात आणि आमची बेल वाजवतात. रोज दोघं-चौघं तरी.

"काकू, पाटीवर लिहिलंय हिरवा दरवाजा. कुठे दिसत नाही हो."

बेल वाजली की हे आतल्या खोलीत जातात. मग मलाच खाली उतरून दाखवावं लागतं. मी म्हणते, हेच दार. पूर्वी हिरवं होतं.